पंखा बंद का केला नाही

३ सप्टेंबर १९९१, मंगळवार

आज छगनचं तेरावं झालं. पंगत उठली, भावकी आपापल्या घरी गेली, आणि मी ही वही काढून बसले. रडायचं तेवढं रडून झालं. आता मला सूड हवा. सगळं लिहून ठेवते, म्हणजे उद्या कुणी समजूत घालायला आलं आणि मी विरघळायला लागले, तर हेच वाचून पुन्हा पेटेन.

मागच्या महिन्यात सातपुड्यातल्या देवीहून परत येणारी जीप घाट खचून दरीत गेली. आमची मामेबहीण कमल तीत होती, ती जागीच गेली. ड्रायव्हर वना तेवढा जिवंत राहिला, पण वर कपारीत अडकलेला, त्याला सोडवायला वेळ लागणार होता. रस्ता वाहून गेलेला, नाल्याला पूर. मग साहेब लोकांनी मुंबईच्या एका खाजगी कंपनीचं हेलिकॉप्टर मागवलं. घाटाच्या पायथ्याशी आमचं गाव, आणि गावात सपाट जागा म्हणजे एक खळं. तिथेच ते उतरवायचं ठरलं. छगन होमगार्ड. वरून आणलेली प्रेतं उतरवून घ्यायचं काम त्याच्याकडे दिलं होतं.

दुसऱ्या खेपेला कमलला आणलं. मशीन टेकलं, पण पायलटने पंखा बंद केला नाही. शेपटीला जो लहान पंखा असतो तोही फिरत राहिला. छगन त्या बाजूला गेला. पुढचं मी लिहिणार नाही. मला त्याचं तोंड बघू दिलं नाही, एवढं पुरे.

मी तिथे नव्हते. मी धुळ्याला एक्सचेंजच्या बोर्डावर लोकांचे ट्रंक कॉल जोडत होते. आई होती, तिच्या डोळ्यांदेखत झालं. तेव्हापासून ती धड बोलत नाही.

नवऱ्याचं घर सोडून मी परत आले तेव्हा अख्ख्या गावाने तोंड फिरवलं होतं. हा एकटा सायकल घेऊन फाट्यावर उभा. माझी पेटी कॅरिअरला बांधली आणि म्हणाला, "अक्का, पेटीमा दगडं भरी लई उनी का?" सगळ्या वाटेने मला हसवत घरी आणलं. त्या पोराला मारणारा मोकळा फिरतो आहे.

पायलटचं नाव सुरेशचंद. धुळ्याचाच, तेलाच्या पेढीवाल्या अमृतलालशेठचा मुलगा. छगन, तुझी शपथ, त्या माणसाला मी पुन्हा आभाळात जाऊ देणार नाही.


८ सप्टेंबर, रविवार

पोळा. आमचे बैल तसेच गोठ्यात. शिंगांना रंग नाही, गळ्यात माळ नाही. पुनाभाऊ आमच्या गावचे पोलीस पाटील, ते नैवेद्याची पुरणपोळी घेऊन आले. मी पोळी बाजूला ठेवली आणि सरळ विचारलं, "पुनाभाऊ, तुम्ही खळ्यावर होता. नेमकं काय झालं?"

"व्हयनं ते व्हयनं, अक्का. आते मायकडे ध्यान द्या."

"छगन शेपटीकडे गेलाच कसा? त्याला तर ट्रेनिंग दिलं होतं ना?"

पुनाभाऊ टोपी काढून डोकं खाजवत बसले. "धूळ उडी राहिंती. काही दिसनं नही."

दिसनं नही म्हणे! गावातली शंभर माणसं उभी होती आणि एकालाही दिसलं नाही. मी चार घरं फिरले. जिथे गेले तिथे तेच: चहा घ्या, बसा, आईला सांभाळा. डोळ्याला डोळा कुणी भिडवेना. कमलच्या सासरची माणसं तर मला बघून घरात गेली. या सगळ्यांची तोंडं कंपनीने शिवली आहेत. कुणाला काय मिळालं ते मी शोधून काढीनच.

आईची काळजी वाटते. जेवायला बसते आणि ताटाकडे बघत राहते. आज दुपारी वारा सुटला, तर ही वळणीवरचे कपडे ओढून ओढून घरात आणत सुटली. ओले होते, तरी आणले. "अगं, वाळू दे की!" म्हणून मी ओरडले. तिने कपड्यांचा बोळा पोटाशी धरला आणि कोपऱ्यात बसली. धक्क्याने डोकं फिरलं आहे तिचं. याचाही हिशेब त्या माणसाकडून घेणार.


१६ सप्टेंबर, सोमवार

कामावर रुजू झाले. आमच्या एक्सचेंजच्या बायकांचा एक फायदा असतो, सगळ्या गावच्या बोर्डांवर ओळखी. मुंबईच्या एकीने त्याच्या खोलीचा नंबर काढून दिला. जेवणाच्या सुट्टीत फोन लावला. त्यानेच उचलला.

"छगनची बहीण बोलते," मी म्हटलं.

तो म्हणाला, "बोला ताई."

बोलले. आयुष्यात कुणाला बोलले नाही इतकं बोलले. तुझा मुडदा बशिवला म्हटलं. तुझ्या आईला तुझं तोंड बघायला मिळू नये म्हटलं. शेजारच्या बोर्डावरची प्रमिलाबाई हेडफोन काढून माझ्याकडे बघायला लागली. मला वाटलं हा आता आपटेल फोन. नाही आपटला. मी थकून थांबले तेव्हा म्हणाला, "तुमच्या आई जेवतात का?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. याने माझ्या आईचं नाव घ्यावं? "पुन्हा तिचं नाव काढलंस तर जीभ हासडीन," म्हणाले आणि मीच फोन तोडला.

आता रोज लावणार आहे. झोपू देणार नाही.


२९ सप्टेंबर, रविवार

आज सिव्हिल हॉस्पिटलात वनाला भेटायला गेले. तो जीपचा ड्रायव्हर, कपारीत अडकलेला. माझा हुकमी साक्षीदार म्हणून मी त्याच्याकडे मोसंबी घेऊन गेले. त्याचा उजवा पाय गुडघ्याखाली कापला आहे. मनात म्हटलं, चला, हा तरी माझ्या बाजूने तोंड उघडेल.

कसलं काय! म्हणतो, "अक्का, वर ढग उतरी राहिंतात. त्याले मन्हासाठे अजून एक खेप कराणी व्हती. मशीन बंद करीसन परत चालू करामा टाइम जास. म्हणून चालूच ठेवं त्यानी."

"आणि तुला घ्यायला आला का? नाही ना? पाय गेला ना तुझा?"

"मशीन मोडनं तो काय करी?" वना म्हणाला. "पण पायी उना. भर पाऊसमा, पाडावरना पोऱ्यासनासंगे. मले झोळीमा घालं तं एक बाजू त्यानीच धरी व्हती. वाटभर एक शब्द बोलना नही."

पापाला भिऊन आला असेल, मी म्हटलं. एक माणूस मारला, दुसराही मेला असता तर थेट फासावर गेला असता. वना माझ्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, "अक्का, तुम्हले कोणी काही सांगं नही का?"

"काय सांगायचं होतं?"

त्याने तोंड भिंतीकडे केलं. पाय दुखतो म्हणाला. मोसंबी परत आणणार होते, पण तिथेच ठेवून आले.


११ ऑक्टोबर, शुक्रवार

मी पाठवलेल्या तक्रारीवरून आज धुळ्याच्या विश्रामगृहात चौकशी झाली. मुंबईहून विमान-सुरक्षेचे एक साहेब आले होते. शांत माणूस, आवाज चढवत नाही. मी आईला मुद्दाम सोबत नेलं आणि मागच्या बाकावर बसवलं. म्हटलं, त्याला बघू दे काय करून ठेवलंय ते.

साहेबांनी आधी सगळ्यांना समजेल असं सांगितलं. मागचा पंखा फिरायला लागला की दिसतच नाही, तिथे काही नाही असं वाटतं. म्हणून शेपटीकडे कुणी फिरकायचं नाही. गर्दी दोरीच्या बाहेर, आणि तिथे एक माणूस फक्त अडवायला उभा हवा. टोपी, उपरणं, चादर, काही सैल असता कामा नये, कारण वरच्या पंख्याचा वारा ते उचलतो आणि कुठेही नेऊन टाकतो. आणि जमिनीवर माणसं वावरत असतील तर शक्यतो पंखे थांबल्यावरच उतरवून घ्यायचं. मी मान हलवत होते. एकेक शब्द माझ्या बाजूचा होता.

पुनाभाऊंना विचारलं, दोरी होती का? ते म्हणाले, व्हती, पण लोके कोठे ऐकतस. मग साहेबांनी विचारलं, "मागच्या पंख्यात कापडाच्या चिंध्या सापडल्या आहेत. हिरवं कापड. ते कुणाचं?"

पुनाभाऊंना माहीत नाही. दुसऱ्यालाही माहीत नाही. तिसऱ्यालाही नाही. असेल त्याच्याच मशीनमधलं काहीतरी!

मग सुरेशचंद उभा राहिला. मी त्याला पहिल्यांदाच पाहिलं. राक्षस असेल असं वाटलं होतं. किडकिडीत आहे, कानाजवळ केस पिकलेले. साहेबांनी त्यालाही कापडाचं विचारलं. त्याने मान वळवून आमच्या बाकाकडे पाहिलं, आईकडे. मग म्हणाला, "माझ्या लक्षात आलं नाही, साहेब. पंखा चालू ठेवायचा निर्णय माझा होता. जबाबदारी माझी."

"पण तुम्ही दारातून मागे वळून बघत होता, असं तुमचा मेकॅनिक म्हणतो."

"लक्षात आलं नाही."

खोटारडा! पण कबूल झाला, हे काय कमी आहे? आई बाकाच्या कडेला सरकली होती. मी तिचा हात दाबून धरला आणि कानात म्हटलं, "आई, जिंकलो आपण." ती उठायला लागली, काही बोलायला तोंड उघडलं तिने. मी तिला खाली बसवलं. साहेबांसमोर रडारड नको होती मला.


२० ऑक्टोबर, रविवार

खरं लिहायचं तर एक गोष्ट मला खाते. फोन. मी लावते आणि तो उचलतो. हल्ली धुळ्याला बापाच्या घरी येऊन राहिला आहे, तिथेही तोच उचलतो, जणू वाट बघत बसलेला असतो. काल त्याच्या आईने, सूरजबाईंनी उचलला. मी शिव्या सुरू केल्या तर म्हणाल्या, "बेटा, तो पेढीवर गेलाय. सहाला येतो, तेव्हा लाव."

दुसऱ्या कुणी पोलिसांत तक्रार दिली असती. माझी नोकरी गेली असती. याने का नाही दिली? भीतीने. दुसरं काय असणार!


२ नोव्हेंबर, शनिवार

झालं! त्याचं लायसन काढून घेतलं. कंपनीनेही घरी बसवलं. कचेरीतल्या कारकुनाने सांगितलं, हा आता दहा वर्षांत उडत नाही.

सुट्टी झाल्यावर मी मुद्दाम आग्रा रोडवरून गेले. तो पेढीवर तेलाचे डबे मांडत होता. कॅप्टन! शर्टाला तेल लागलेलं. मी समोरच्या फुटपाथवर त्याला दिसेल अशी उभी राहिले. त्याने पाहिलं, हात जोडले आणि पुन्हा डबे मांडायला लागला.

कलेजा थंड झाला. पाव किलो पेढे घेतले. उद्या गावी जाते, आईला सांगते. तिला जेवू घालते पोटभर.


४ नोव्हेंबर, सोमवार

काल संध्याकाळी पोचले. आईच्या हातावर पेढा ठेवला आणि सांगितलं, त्याचं लायसन गेलं, नोकरी गेली, छगनच्या आत्म्याला शांती मिळाली.

आईने पेढा खाली टाकला.

"त्याना पोटवर पाय दिधा तू?" इतक्या दिवसांनी तिचा आवाज मोठा झाला. "कसाले? त्यानी काय करं तुन्हं?"

मी म्हटलं, आई, तू भानावर नाहीस. तर तिने माझं मनगट पकडलं आणि सगळं सांगितलं. मी मध्ये बोलायला गेले की मनगटाला हिसका द्यायची.

कमलला आई-बाप नाहीत. माहेरची म्हणावी अशी एक आत्या, म्हणजे आमची आई. लग्न झालेल्या बाईच्या अंगावर शेवटी माहेरचं लुगडं पडायला लागतं, त्याशिवाय सासरच्यांनी तिला उचलायचं नाही. आईने सकाळीच चोपड्याहून नवं हिरवं लुगडं आणून ठेवलं होतं. मशीन उतरलं, कमलला बाहेर काढलं, आणि सासरचे लोक तिला उचलायला पुढे सरले. माझी भाची माहेरच्या लुगड्यावाचून जाते की काय, म्हणून आई दोरीखालून वाकून आत धावली. छगनने हात आडवा केला होता, "माय, मांगे सर!" म्हणून ओरडला होता. हिने लांबूनच लुगडं कमलच्या अंगावर फेकलं. वाऱ्याने ते उचललं आणि शेपटीकडे उडवलं.

"मीच म्हनं त्याले," आई म्हणाली. "मीच आरोळी मारी, 'छगन, धर! लुगडं धर!' तो मन्हा शब्द खाली पडू देत नव्हता, लता. पयना धराले."

तो लुगडं धरायला पळाला.

सगळ्या गावाने पाहिलं. त्या माणसानेही पाहिलं. "आते मन्हावर केस कर," आई म्हणाली आणि मनगट सोडलं.


६ नोव्हेंबर, बुधवार

दोन दिवस मी आईशी बोलले नाही. वाढलं, पण ताट आपटून वाढलं. ती निमूट बसली, आणि पहिल्यांदाच सगळं जेवली. सांगून टाकलं म्हणून हलकी झाली असेल. माझं काय?

मी कुणावर चिडू? पुनाभाऊंवर चिडले. त्यांच्या दारात उभी राहून ओरडले की मला एका शब्दाने सांगितलं का नाही. ते म्हणाले, "अक्का, तुमना राग बठ्ठा गावले माहीत शे. तुम्ही मायले जगू दिधं असतं का?"

मी तोंडातल्या तोंडात शिवी दिली आणि घरी आले.


९ नोव्हेंबर, शनिवार

पेढीवर गेले. अमृतलालशेठ गादीवर होते, मला बघून आत गेले. सुरेशचंदने स्टूल पुढे केलं. मी बसले नाही.

"लुगडं कुणी टाकलं ते तुम्ही पाहिलं होतं?"

"हो."

"मग बोलला का नाहीत? मी इतक्या शिव्या घातल्या तुम्हाला. तोंडात गुळणी धरली होती का?"

तो हात पुसत होता, तेल निघत नव्हतं. "ताई, पंखा मी चालू ठेवला होता. वरचा माणूस वाचवायचा म्हणून ठेवला, पण ठेवला मीच. खाली एवढी माणसं आहेत, दोरीवर धड कुणी नाही, हे दिसत होतं मला. बंद असता तर लुगडं नुसतं उडालं असतं. मग त्या बाईंचं नाव घेऊन काय करायचं होतं?"

माझ्या मनात जे आलं ते लिहिते, लाज वाटली तरी. त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटली. मी त्याचं अन्न तोडलं आणि हा माझ्यावर उपकार करून बसला होता! इतके दिवस मी फोनवर ओकत होते आणि हा माझ्या आईला पाठीशी घालत ऐकत होता. शत्रूने असं करायचं नसतं. त्याने दोन शिव्या हासडल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

आणि दुसरंही लिहिते. ऑगस्टमध्ये त्याने खरं सांगितलं असतं तर मी आईला घरातून उठवलं असतं. मी स्वतःला ओळखते.

निघताना म्हणाले, "मी तक्रार मागे घेते." तो म्हणाला, "राहू द्या. आई जेवतात का?"

या वेळी मी सांगितलं, "जेवते."


१८ नोव्हेंबर, सोमवार

चौकशीचे साहेब दुसऱ्या कामासाठी धुळ्याला आले होते, म्हणून आज विश्रामगृहावर गेले. मी एकटीच जाणार होते. आई पहाटेच वेणी घालून ओट्यावर बसलेली. मी म्हटलं, तुझं काम नाही. ती म्हणाली, "मन्हंच काम शे." एस.टी.त माझ्या आधी चढून खिडकीशी बसली.

मी साहेबांना सांगितलं की मला तक्रार मागे घ्यायची आहे. ते म्हणाले, "तशी घेता येत नाही, बाई. निर्णय झाला. हां, नवी माहिती असेल तर फाईल पुन्हा उघडता येते. पंखा चालू ठेवल्याचा ठपका राहीलच. पण कापड बाहेरून आलं, दोरी ओलांडून कुणी आत आलं, असा जबाब मिळाला तर त्यांना परत कामावर घेता येईल. मात्र नाव लागेल. कुणीतरी, कुठलातरी, असं चालत नाही."

खरं सांगते, तिथेही माझ्या मनात आलं की उठावं आणि आईला घेऊन चालू पडावं. तो तेल विकतोय, विकू दे. माझी आई कागदावर का जावी? त्याने स्वतःच नको म्हटलं आहे ना!

पण आई माझ्या आधी खुर्ची ओढून साहेबांच्या समोर बसली होती. "लिखा," म्हणाली. "लुगडं मी टाकं."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली. त्यांनी कारकुनाला कागद घ्यायला सांगितलं आणि हळू आवाजात एकेक विचारायला लागले. नाव? तानुबाई. गाव सांगितलं. दोरी ओलांडली का? व्हय. कुणी अडवलं होतं का? व्हय, होमगार्डनी. त्याने काय म्हटलं? "मांगे सर." मग तुम्ही काय केलंत? आईने सगळं सांगितलं, मला सांगितलं होतं तसंच, 'धर' म्हणून ओरडली तेसुद्धा. रडली नाही. मी मात्र खिडकीच्या गजांकडे बघत होते.

शेवटी कारकुनाने कागदाच्या वरची एक रिकामी जागा भरायला विचारलं, "मयताशी नातं?"

आईने तोंड उघडलं, पण आवाज फुटेना. तिने दोनदा प्रयत्न केला. कारकून लेखणी घेऊन थांबला होता.

मी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि सांगितलं, "आई. सख्खी आई आहे ती त्याची."